कुळथाची पिठी आणि रक्तातलं लोह

प्रश्न : माझं माहेर कुडाळजवळचं, सासर नगर जिल्ह्यातलं, राहायला आम्ही डोंबिवलीत. वय ३६, वजन ५५ किलो, घर शाकाहारी. मागच्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण त्यांनी पोटात मळमळतं, म्हणून मी त्या मनात येईल तेव्हाच घेते. आईने कुळथाचं पीठ पाठवलंय. नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला की कुळथात मटणापेक्षा जास्त प्रथिनं असतात आणि लोह तर भरपूर. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा पातळ पिठी करते. गोळ्या सोडून कुळथावरच भर दिला तर चालेल का? सासूबाई म्हणतात, हुलगा (त्यांच्याकडे कुळथाला हुलगाच म्हणतात) उष्ण, तो बैलांच्या आंबोणाला, माणसाने रोज खाऊ नये. सासरे मात्र मुतखड्यासाठी रोज सकाळी कुळथाचं पाणी पितात. पीठ चांगलं की मोडाची उसळ? आणि वाळवून वर्षभर ठेवलेल्या दाण्यात काही उरतं का?

उत्तर : ताई, आधी गोळ्यांचं बोलू. त्या सोडू नका. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि तुमचं ९.८ म्हणजे मध्यम प्रतीचा रक्तक्षय. जिना चढताना धाप लागणं, केस गळणं, संध्याकाळी गळून जाणं हे सगळं बायका "कामाचा ताण" म्हणून अंगावर काढतात. एवढी तूट कुठल्याही डाळीने, पालेभाजीने किंवा खजुराने वेळेत भरून निघत नाही. मळमळत असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. जेवणानंतर घेणं, एक दिवस आड घेणं, गोळीचा प्रकार बदलणं, असे मार्ग असतात आणि डॉक्टर ते आनंदाने सुचवतात. आपल्या मनाने मधेच सोडून देणं हा मार्ग नव्हे. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही अंगातला साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. घर शाकाहारी आहे, तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्यायला सांगा. ते कुळथात नसतं, कुठल्याच कडधान्यात नसतं.

आता कुळीथ. मला हे धान्य फार मोलाचं वाटतं, आणि म्हणूनच मेसेजमधल्या आकड्यांवर ते तोलू नये असं वाटतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम कोरड्या कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात. चरबी एक ग्रॅमपेक्षाही कमी. कॅल्शियम २७० ते २९० मिलिग्रॅम, लोह ७ ते ९ मिलिग्रॅमच्या आसपास, आणि उष्मांक ३२० ते ३३०. प्रथिनांच्या बाबतीत कुळीथ काही सगळ्यांच्या पुढे नाही. तूरडाळीतही तेवढीच असतात, मुगात नि उडदात किंचित जास्त, सोयाबीनमध्ये तर दीडपटीहून जास्त. कुळथाचं वेगळेपण कॅल्शियम आणि लोहात आहे. जुन्या तक्त्यात तूरडाळीचं कॅल्शियम ७३ आणि लोह २.७ मिलिग्रॅम दिलेलं आहे. तिच्या शेजारी कुळीथ ठेवला की फरक दिसतोच.

मटणाशी तुलना मात्र खोटी पडते. कच्च्या मटणात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, वाळलेल्या कुळथात जेमतेम दहा टक्के. पाणी काढून टाकलेली वस्तू पाण्याने भरलेल्या वस्तूशेजारी तोलली तर कोरडीच जड भरणार. तोच कुळीथ भिजवून शिजवला की वजनाने अडीच पट होतो, आणि मग १०० ग्रॅम शिजलेल्या कुळथात प्रथिनं आठ-नऊ ग्रॅमच राहतात. लोहाचंही तसंच. मांसातलं लोह शरीर सहज उचलतं, कडधान्यातलं फार थोडं. त्याचं कारण पुढे येतंच.

म्हणून १०० ग्रॅमचा आकडा बाजूला ठेवा आणि तुमच्या वाटीत पीठ किती जातं ते पाहा. पातळ पिठीला माणशी दोन मोठे चमचे, म्हणजे २० ते २५ ग्रॅम पीठ लागतं. त्यातून प्रथिनं मिळाली साडेचार ते साडेपाच ग्रॅम आणि लोह दीड-दोन मिलिग्रॅम. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. पाळी चालू असलेल्या बाईला लोह दिवसाला २९ मिलिग्रॅम लागतं, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० साली ठरवून दिलं आहे, आणि तेही आपल्या जेवणातलं बहुतेक लोह शोषलंच जात नाही हे धरून. आठवड्यातून तीनदा पातळ पिठी म्हणजे चांगल्या जेवणाचा एक भाग झाला. रक्तक्षयाचा इलाज तो होऊ शकत नाही.

गंमत अशी की तुम्हाला हवी असलेली वस्तू सासूबाईंच्या हातात आहे. नगरकडची शेंगोळी! हुलग्याच्या पिठात लसूण, जिरं, मिरची, मीठ घालून घट्ट मळायचं, हातावर वळून कडबोळ्यासारखे तुकडे करायचे आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. काही घरांत मळताना थोडं ज्वारीचं किंवा गव्हाचं पीठ घालतात. पोटभर शेंगोळी खाणाऱ्या माणसाच्या पोटात ५० ते ६० ग्रॅम हुलगा सहज जातो. म्हणजे प्रथिनं ११ ते १३ ग्रॅम, लोह चार-पाच मिलिग्रॅम आणि कॅल्शियम दीडशेच्या आसपास. शिजवलेलं पाणी ओतून दिलं जात नाही, त्या दाट रशातच सगळं राहतं. पातळ पिठीच्या दुपटीहून जास्त ऐवज एका जेवणात. तेव्हा सासूबाईंना म्हणा, आठवड्यातून एकदा शेंगोळी करू या, शिकवा मला. आंबोणाचा मुद्दा आपोआप मागे पडेल. आणि बैलांना हुलगा देत होते तो उगाच नव्हे, दिवसभर नांगर ओढणाऱ्या जनावराला बळ लागतं म्हणूनच.

माहेरची पिठी टाकून द्या असं मी म्हणत नाही. ती दाट करा. आमसुलं घातलेली, लसणाची चरचरीत फोडणी दिलेली, पळीतून पडताना जरा अडखळेल इतकी दाट पिठी आणि गरम मऊ भात, यात शास्त्रही नीट बसतं. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. कडधान्याच्या प्रथिनात त्यांपैकी लायसिन भरपूर असतं, पण गंधक असलेली अमिनो आम्लं कमी पडतात. तांदूळ-ज्वारीत नेमकं उलटं असतं. दोन्ही एका जेवणात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. ६० ग्रॅम तांदळाचा भात चार ग्रॅम प्रथिनं देतो. त्यावर ३५-४० ग्रॅम पिठाची दाट पिठी घेतलीत तर एका जेवणाला १२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं होतात, तीही चांगल्या प्रतीची. नुसती पिठी वाटीभर पिऊन, वजन वाढेल म्हणून भात टाळणाऱ्या बायका हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांचं नुकसानच होतं.

आता लोह अंगी का लागत नाही ते. कुळथात, विशेषतः सालात, फायटेट आणि टॅनिनसारखी द्रव्यं असतात. ती लोहाला, जस्ताला, काही प्रमाणात कॅल्शियमलाही बांधून ठेवतात, त्यामुळे आतड्यातून ते रक्तात उतरत नाही. शिवाय प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमना अडवणारे घटकही कच्च्या दाण्यात असतात. हे घटक उष्णतेने बरेच निकामी होतात, म्हणून कुळीथ कच्चा किंवा अर्धाकच्चा खाऊ नये. मोड आलेला कुळीथ तसाच कोशिंबिरीत घालायची टूम निघालीय, ती मला पसंत नाही. वाफवून घ्या. फायटेट मात्र नुसत्या भाजण्याने फारसं हटत नाही. ते कमी होतं भिजवण्याने आणि मोड आणण्याने, कारण अंकुर फुटताना दाणा स्वतःच ते मोडतो. पोटात वायू धरणाऱ्या साखराही त्याच वेळी घटतात. आणि वाळलेल्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्व मोडांत तयार होतं. शिजवताना त्यातलं काही जातं, तरी थोडं उरतं.

म्हणजे पीठ की मोड, या तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, लोहासाठी मोड. पण रोज कोण मोड आणणार, हे मी जाणते. नोकरी करणाऱ्या घरात पिठाची सोय मोठी असते. दहा मिनिटांत जेवण होतं. त्यातून मार्ग असा की पुढच्या वेळी मोड आणलेल्या कुळथाचंच पीठ करा. आपल्याकडे नाचणीचं सत्त्व करताना मोड आणतातच, तशीच रीत इथे लावायची. कुळीथ रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, फडक्यात बांधून मोड काढा, कडक उन्हात खडखडीत वाळवा, मंद आचेवर खमंग भाजा आणि दळून आणा. चव किंचित गोडसर लागते. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ते पचायलाही हलकं.

आईला एक विचारून घ्या, पीठ सालीसकट दळलंय की साल काढून? कोकणात बरीच घरं कुळीथ भाजून, जात्यावर भरडून, सुपाने साल पाखडून मग डाळीचं पीठ करतात. ते मऊसूत होतं आणि पिठीला छान लागतं. देशावर सालासकट गिरणीत टाकणारी घरं पुष्कळ. साल गेली की टॅनिन जातात हे खरं, पण चोथा जातो आणि कॅल्शियमही बरंच जातं. कडधान्याचं कॅल्शियम सालीत किती असतं ते हरभऱ्यावरून दिसतं. अख्ख्या हरभऱ्यात २०२ मिलिग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीत ५६. तुमच्या घरी मधुमेहाचं किंवा बद्धकोष्ठाचं माणूस असेल तर सालीसकटचं पीठ जास्त उपयोगी. त्यातली पिष्टं सावकाश पचतात, साखर एकदम चढत नाही. नुसतं रक्त वाढवायचं असेल तर सालीचा फार बाऊ करू नका, दोन्ही चालतात.

रोजच्या जेवणात करण्यासारखं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात गुणकारी काम म्हणजे लिंबू. पिठी, उसळ, शेंगोळी, काहीही ताटात वाढल्यावर वरून अर्धं लिंबू पिळा. आचेवर असताना नको, क जीवनसत्त्व उष्णतेने नासतं. सोबत कच्चा कोबी, पेरू किंवा आवळ्याची फोड असली तर उत्तम. आमसुलाने चव येते, म्हणून ते काढू नका, पण लिंबाची जागा ते घेत नाही. आणि जेवल्याबरोबर चहा नको. चहातली टॅनिन लोहाला धरून बसतात. जेवण आणि चहा यांत निदान तासा-दीड तासाचं अंतर ठेवा. लोहाची गोळीही चहा-दुधाबरोबर घेऊ नका. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिची वेळ वेगळी ठेवा.

सासूबाईंच्या "उष्ण" म्हणण्याला मी हसणार नाही. आयुर्वेदात कुळीथ उष्ण आणि पित्त वाढवणारा सांगितलेला आहे, आणि आंबट ढेकर, जळजळ यांचा त्रास असलेल्या माणसांना तो भारी पडतो असा अनुभव घराघरांत आहे. ज्याला त्रास होतो त्याने कमी खावा, तूप-ताकाबरोबर खावा, भर उन्हाळ्यात मूग-मटकीकडे वळावं. पण त्रास होत नसेल तर आठवड्यातून दोन-तीनदा खायला काहीच हरकत नाही. पोट फुगत असेल तर एकदम वाटीभर उसळीने सुरुवात करू नका. थोड्या प्रमाणात, हिंग-लसूण घालून, सवय होऊ द्या. गोळ्यांनी आधीच मळमळतंय, त्यात वायूची भर पडायला नको.

मामंजींचं कुळथाचं पाणी हा जरा गंभीर विषय आहे. मुतखड्यावर कुळीथ देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी, आयुर्वेदातही आहे. पण प्यालेल्या पाण्याने खडा विरघळतो हे ठामपणे म्हणावं इतका भक्कम पुरावा आजही हातात नाही. लहान खडे, साधारण पाच मिलिमीटरपर्यंतचे, पुष्कळदा आपले आपण पडून जातात. भरपूर पाणी पोटात गेलं की त्याला मदत होते. कुळथाच्या पाण्याने निदान तेवढं पाणी तर पोटात जातं, म्हणून ते बंद करा असं मी म्हणत नाही. पण सकाळचा तो एक पेला म्हणजे उपचार झाला असं समजून दिवसभर तहानलेलं राहणं घातक. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी इतकं पाणी त्यांनी प्यायला हवं. लोणचं-पापड-फरसाण कमी करावं, लिंबूपाणी घ्यावं. खड्याच्या भीतीने दूध-दही मात्र तोडू नये. जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच बांधतं, त्यामुळे त्याचा फायदाच होतो. ताप, लघवीतून रक्त, लघवी अडणं किंवा सहन होणार नाही अशी कळ, यांपैकी काहीही झालं तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची तपासणी, एकदा करून घ्याच. मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं असेल तर कुळथातलं पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्रथिनं त्यांना झेपतील का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. तसं निघालं तर तोवर कुळथाचं रोजचं पाणी थांबवलेलं बरं.

त्या पाण्यात पोषण किती, असंही तुमच्या मनात येत असेल. थोडी ब गटातली जीवनसत्त्वं आणि क्षार उतरतात. प्रथिनांचा मोठा वाटा दाण्यातच राहतो. कोकणात कुळीथ उकडून त्या पाण्याचं ताक घालून कळण करतात आणि खाली उरलेल्या दाण्यांची उसळ. दोन्ही ताटात येतात, काही वाया जात नाही. तुमच्या घरी पाणी मामंजी पितात, तर दाण्यांचं काय होतं? टाकत असाल तर आजपासून टाकू नका. तीच तुमची उसळ. भिजवून, वाफवून, खोबरं-कोथिंबीर आणि लिंबू घालून खा.

राहिला वर्षभर ठेवलेल्या दाण्याचा प्रश्न. वाळवल्याने कडधान्याचं सत्त्व जात नाही. पाणी गेल्याने ते टिकतं, एवढंच. प्रथिनं, लोह, कॅल्शियम वर्षाने मोजलं तरी जवळजवळ तेवढंच भरेल. काही जीवनसत्त्वं हळूहळू कमी होतात. खरी अडचण वेगळी आहे. दमट, गरम जागी फार दिवस राहिलेला कुळीथ शिजेनासा होतो, कितीही शिट्ट्या दिल्या तरी गणंग राहतात. ते पटकन शिजावेत म्हणून काही जणी सोडा टाकतात. चिमूटभराने दाणे मऊ होतात खरे, पण थायमिन हे जीवनसत्त्व नासतं. त्यापेक्षा बारा तास भिजवा आणि कुकरला मंद आचेवर जास्त वेळ द्या. डोंबिवलीच्या पावसाळी हवेत दाणे हवाबंद डब्यात ठेवा, त्याआधी दोन दिवस कडक ऊन दाखवा. भुंग्याने पोखरलेले दाणे निवडून टाका, त्यांचा आतला गर गेलेला असतो.

पिठाला मात्र हा टिकाऊपणा नाही. दळल्यावर त्याला लवकर कुबट वास येतो. आईने पाठवलेल्यातलं महिनाभर पुरेल एवढं बरणीत काढा आणि बाकीचं फ्रीजमध्ये टाका. पुढच्या खेपेला तिला अख्खा कुळीथच पाठवायला सांगा, म्हणजे मोड आणायचे की दळायचं हे तुमच्या हाती राहील. गोळ्या नेमाने सुरू केल्यावर महिन्याभराने पुन्हा रक्त तपासा आणि आकडा मला कळवा.